तेंगिज पाहून आलेले येरावार सर

तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारायचं ते विचारून घेतलं. मिस्टर काय करतात, मुलं किती, येणं-जाणं कुठून. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, वाळलेले गृहस्थ रिकामा डबा रुमालानं पुसत बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावचं पाणी कुठं जाते?"

मला वाटलं, पाणीटंचाईबद्दल विचारतायत. म्हटलं, "नळ आहे सर, एक दिवसाआड येतो."

"येते कुठून ते नाही विचारलं. जाते कुठं?"

माझं माहेर वांकिडीकडचं. गावाच्या खाली एक ओढा आहे आणि तो पुढं वर्धेला मिळतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. तसं सांगितलं. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि बोटानं टेबलावर एक वाकडी रेघ ओढली. "वर्धेतून प्राणहितेत. प्राणहितेतून गोदावरीत. आमचं इचोड्याचं कडेमेतून गोदावरीत. म्हणजे तुमचं आमचं एकच झालं." इतकं बोलून ते तासाला निघून गेले.

हे येरावार सर. समाजशास्त्र शिकवायचे, पण मुलं त्यांना 'भूगोलाचे सर' म्हणायची, कारण इतिहास आणि नागरिकशास्त्र ते पाहुण्यासारखे उरकायचे. इचोड्याहून रोज बसनं येत. चपला कायम झिजलेल्या, शर्ट कायम इस्त्रीचा. दोन शिक्षक वादावादीला आले की ते मधे पडत नसत, नुसतं म्हणत, "उतार पाहा." कोणाला ते कधी नीट कळलं नाही, पण वाद मात्र थांबायचा, कारण दोघंही त्याचा अर्थ लावत बसायचे.

त्यांचा एक धडा शाळेत प्रसिद्ध होता. पुस्तकात तो अर्धा परिच्छेदच असेल: जगातल्या सगळ्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, काही नद्या कोरड्या गवताळ मैदानात एखाद्या खोलगट जागी जाऊन थांबतात, पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, आणि खारं सरोवर तयार होतं. हा अर्धा परिच्छेद सर आठवडाभर शिकवायचे. बी.एड.ला असताना त्यांनी नकाशात अशी सरोवरं पहिल्यांदा पाहिली होती, आणि त्यांचा काठ तुटक रेघेनं का काढलाय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "कोनालेच नाही माहीत काठ कुठं आहे. बर्फ जास्त वितळला तं तळं मोठं. उन्हाळा कडक गेला तं लहान. नकाशा काढणारा काय करीन बिचारा?" हे सांगताना त्यांचा चेहरा एरवी कधी नसे इतका हसरा व्हायचा.

त्यासाठी ते घरून पितळी परात आणायचे. तिच्यात माती थापून मधे खड्डा करायचे, मीठ कालवलेलं पाणी ओतायचे आणि परात ओसरीपुढच्या उन्हात ठेवायचे. मुलं रोज जाऊन बघायची. पाणी आटत जायचं आणि मातीवर पांढरी साय धरायची. एका वर्षी परात अगदी तयार झाली असताना शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या आल्या आणि सगळं तळं चाटून गेल्या. मुलं ओरडत धावली. हेडमास्तर बाहेर आले, शेळ्या आवारात शिरल्याच कशा म्हणून तापले. सर परातीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "पोरांनो, पाहून घ्या. तिकडं सायगा नावाचं हरिण असते. ते असंच मीठ चाटाले येते. हे धड्यात नाही, शेळीनं शिकवलं." हेडमास्तरांना हसू आवरेना.

सरांची बायको, सुमनताई, इचोड्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायची. सर जितके कमी बोलत, तितकी ती भरभरून बोले. मराठी गिऱ्हाईक, तेलुगू गिऱ्हाईक, ट्रकवाल्यांच्या बायका, सगळ्यांशी त्यांच्या भाषेत. त्यांना एकच मुलगी. सरांनी नदीप्रणालीवरून तिचं नाव प्रणाली ठेवलं होतं. सुमनताई तिला पणू म्हणायची. पणूला डॉक्टर व्हायचं होतं. इथल्या परीक्षेत गुण थोडे कमी पडले, तेव्हा आमच्या भागातली बरीच मुलं जातात तशी तीही परदेशी जायचं ठरलं. हैदराबादच्या एजंटानं तीन-चार देश पुढं ठेवले. सरांनी कझाकस्तानावर बोट ठेवलं.

सुमनताईनं ती गोष्ट आम्हा सगळ्यांना कितीदा तरी सांगितली असेल. "मी म्हटलं, काऊन तिथंच? तं म्हणतात कसे, तिथं तेंगिज आहे. म्या विचारलं, ते कोण? मले वाटलं कोनी ओळखीचं असन. तं खारं तळं निघालं बाई! तळं पाहून पोरीले धाडते का कोनी?"

पणू गेली. तिचा फोन बहुतेक शाळेच्या मधल्या सुटीत यायचा. सरांना फोन कानाला लावायची सवय नव्हती. स्पीकर लावून तो टेबलावर ठेवत आणि समोर बसल्यासारखे बोलत, त्यामुळं तिची खुशाली आम्हा सगळ्यांना कळे. जेवण, थंडी, रूममेट हे झालं की सर हळूच विचारत, "तेंगिजकडं गेली होती का?"

"बाबा, ते इथून लय दूर आहे. मी होस्टेलमधून कॉलेजात जातो, कॉलेजातून होस्टेलमधी. इथं बर्फ पडून राह्यला, तुमाले तळं सुचते!"

आम्ही हसायचो. सरही हसायचे.

पणू शेवटून दुसऱ्या वर्षाला होती. तिची मोठी परीक्षा चालू असताना सुमनताई दुकानात बसल्या जागी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भेटायला गेले. तिचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं, पण शुद्ध होती. मी जवळ बसल्यावर तिनं सरांकडं डोळे वळवले आणि जड जिभेनं, तुटत तुटत म्हणाली, "पणूले सांगू नका. पेपर चालू आहेत. झाले की मीच सांगीन तिले."

सर म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

सुमनताईचा भाऊ सरांना म्हणत होता, पोरीला कळवा, निदान व्हिडिओवर तरी तोंड दाखवा. बायकाही म्हणत होत्या. सर ओट्यावर बसून होते. ते प्रत्येकाला तेच सांगत होते, "पेपर होऊ द्या." आवाज चढवला नाही, कारणही सांगितलं नाही. सुमनताईचं ते बोलणं मी ऐकलं होतं, म्हणून मला कारण माहीत होतं. बाकीच्यांना वाटलं, या माणसाला परीक्षेचंच पडलंय.

तेराव्यानंतर सर शाळेत आले. डोकं भादरलेलं होतं, त्यावर टोपी. सुटीत फोन वाजला. त्यांनी तो नेहमीसारखा टेबलावर ठेवला.

"बाबा, व्हिडिओ लावा ना."

"नेट नाही इकडं. साधंच बोल."

"आई काऊन फोन नाही उचलत?"

"तिचा फोन बिघडला. दुरुस्तीले टाकला."

"तुमच्या फोनवर बोलवा मंग संध्याकाळी."

"घसा बसला तिचा. पेपर कसा गेला?"

स्टाफरूममध्ये कोणी चमचा हलवत नव्हतं. सरांचा आवाज रोजच्यासारखाच होता, ना जड ना हलका. फोन झाल्यावर त्यांनी डबा उघडला आणि जेवले. असं पुढं बरेच दिवस चाललं. आई देवळात गेली, आई लग्नाला गेली, आई झोपली. आमच्यातल्या काही जणी सुटीत ओसरीवर जाऊन बसायला लागल्या.

परीक्षेचा शेवटचा टप्पा उरला होता. तेवढ्यात सुमनताईच्या एका भाच्यानं, पोरच ते, महिना झाला म्हणून मावशीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला. पणूला ते दिसणार हे त्याच्या ध्यानातच आलं नसेल. त्या दिवशी फोन सुटीच्या आधीच वाजला. मी आणि सर दोघंच होतो.

"बाबा, आईच्या फोटोले हार काऊन आहे?"

सर फोनकडं बघत राहिले.

"बाबा?"

"पेपर कसा गेला?" सर म्हणाले.

पलीकडून फोन बंद झाला. सरांनी फोन खिशात ठेवला, खडू घेतला आणि आठवीच्या वर्गावर गेले. भिंतीपलीकडून मला त्यांचं शिकवणं ऐकू येत होतं. नद्यांची नावं ते क्रमानं सांगत होते, एकही चुकलं नाही.

त्या सुट्ट्यांत पणू आली नाही. फोनही थांबला. कधीतरी एखादा मेसेज यायचा, 'ठीक आहे', 'कॉलेज सुरू झालं'. सर तो वाचत आणि फोन पालथा ठेवत.

त्यांना दुःख झालं होतं असं म्हणायला माझी जीभ अडखळते. दुःख झालेली माणसं मी पाहिली आहेत. ती चिडतात, गप्प बसतात, एकदम बोलायला लागतात. सरांचं तसं काहीच नव्हतं. ते वेळेवर येत, वेळेवर जात, पेपर तपासत. एकदा त्यांनी मला डब्यातलं वरण दिलं. घास घेतला आणि म्हटलं, "सर, यात मीठ नाही."

"असं का?" ते म्हणाले. त्यांनी स्वतः एक घास घेऊन पाहिला, मान हलवली आणि तसंच जेवत राहिले. नंतर लक्षात आलं, कितीतरी दिवसांपासून ते तसंच खात असावेत.

त्या वर्षी परात आली नाही. तो धडा त्यांनी एका तासात संपवला. नवे खेळाचे शिक्षक रुजू झाले तेव्हा सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर आम्ही आपसूक कोपऱ्यातल्या खुर्चीकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर, हायवेवरून जाणारे ट्रक बघत होते. शेवटी मीच विचारलं, "तुमच्या गावचं पाणी कुठं जातं, सर?" नव्या शिक्षकांना काही कळलं नाही. येरावार सरांनी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर आले आणि मला म्हणाले, "परदेशी जायच्या परवानगीची दरखास्त दिली. पणूचा पदवीचा कार्यक्रम आहे. मेसेज आला, यायचं असेल तर या."

"मग जाताय ना?"

"जातो."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी आम्ही ओसरीवर त्यांना गाठलं. बाकीच्यांना विमान कसं होतं, खायला काय मिळालं यात रस होता. तेवढं सांगून झाल्यावर सगळे पांगले. मी थांबले. म्हटलं, "सर, तेंगिज?"

"पाहिलं. पणूनंच गाडी ठरवली होती. म्या काई म्हटलं नव्हतं."

मग ते सांगायला लागले, वर्गात सांगत तसे.

"शहर सुटलं की झाड नाही, मॅडम. एकबी नाही. नुसतं गवत. त्याले पांढरे बारीक तुरे असतात, वारा आला की सारं मैदान एकाच अंगानं लवते. रस्त्याच्या कडेले खारीसारखे प्राणी दोन पायांवर उभे राहून पाहतात अन् बिळात घुसतात. तिथं नुरा नावाची नदी आहे. ती पहिले गोड्या तळ्यांमधी जाते. तिथं उंच देवनळ, मासे, चोचीखाली झोळी असलेले मोठे पक्षी, सारा गजबजाट. तिथून सरकत सरकत पाणी तेंगिजमधी येते अन् थांबते. तिथं मासा नाही. काठ म्हणावा असा काठच नाही. पहिले कोरडी माती, मंग मिठाची साय, मंग काळा चिखल, पाय घोट्यापर्यंत जाते, वास मारते. अन् मंग कुठून तरी पाणी सुरू होते. त्या पाण्यात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव राहतात. बाकी कोनाले ते खारं पाणी झेपत नाही, म्हणून त्याहीले खाणारं कोनी नाही, फक्त रोहित पक्षी. ते खाऊनच त्याहीचे पंख गुलाबी होतात. लय दूर होते. दुर्बिणीतून एक गुलाबी पट्टी दिसली, बस. थंडीत ते सारं गोठते, तवा ते निघून जातात."

"कसं वाटलं, सर?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, मला उत्तर नीट मिळावं म्हणून.

"काई नाही वाटलं, मॅडम. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, अन् आतमधी काईच हाललं नाही. मले वाटलं, चष्मा पुसला तं वाटन. चष्मा पुसला. तरी नाही."

"आणि प्रणाली? बोलली?"

"बोलली. तिथंच बोलली. तिकडं पाहूनच म्हणाली, बाबा, मले माहीत आहे. आईनंच सांगितलं असन तुमाले, पणूले कळवू नका म्हणून. आई तशीच होती. सांगितलं होतं ना?"

दवाखान्यातली ती खाट माझ्या डोळ्यांपुढं होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. म्हटलं, म्याच ठरवलं."

"सर! हो म्हणायचं होतं ना! खरंच तर होतं ते."

सर माझ्यावर रागावले नाहीत. "आईवर राग धरून ती कुठं जाईन, मॅडम? कोनाशी भांडन? माझ्यावर धरला तं मी आहो ना समोर."

ओसरीवर मुलांची ये-जा चालू होती. मी विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

"काई नाही. बाबा, बूट ओले झाले, गाडीत बसा, म्हणाली. वापसीत ती खिडकीबाहेर पाहत होती, मीबी माझ्या खिडकीबाहेर पाहत होतो. ड्रायव्हरनं गाणं लावलं होतं." ते उठले. "तुमी तिले काई सांगू नका. कधी भेटलीच तं."

मी हो म्हटलं.

त्यानंतर लवकरच सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मुलांनी त्यांना पृथ्वीचा गोल भेट दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले. पणू परत आली आहे, परदेशात शिकलेल्यांना द्यावी लागते ती परीक्षा पास झाली आहे, आणि हैदराबादला एका दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून काम करते आहे, हे कानावर यायचं. ती इचोड्याला येते, राहते, जाते. दोघांचं बरं आहे, असं शेजारचे सांगायचे. कधी भांडण नाही, आवाज नाही. वडिलांना 'जेवलात का' विचारते, गोळ्या आणून देते. ते ऐकून मला बरं वाटायचं नाही.

सर मला शेवटचे दिसले ते गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. मी हैदराबादला निघाले होते आणि बस इचोड्याला थांबली होती. खिडकीशी बसले होते. रस्त्याच्या पलीकडं औषधांच्या दुकानासमोर सर उभे दिसले. खूप उतरले होते. कोपराच्या आत कापसाचा बोळा दाबून हात वर धरला होता, नुकतंच रक्त तपासायला दिलं असावं. त्यांच्यासमोर पाठीवरची बॅगही न उतरवता एक मुलगी उभी होती. सरांच्या घरी पाहिलेल्या तिच्या फोटोवरून मी तिला ओळखलं. नुकतीच हैदराबादच्या गाडीतून उतरली असावी.

ती ओरडत होती. ट्रक जात होते, त्यांच्या आवाजाच्या वर तिचा आवाज येत होता.

"आठ दिवस ताप अंगावर काढला! आठ दिवस! अन् मले शेजारची काकू सांगते! मी डॉक्टर कायले झालो बाबा? मले काऊन नाही सांगितलं? काऊन नाही सांगत तुमी मले? कधीच काऊन नाही सांगत?"

दुकानदार काउंटरवरून वाकून बघत होता. भाजीवाल्या बायका बघत होत्या. तिला कशाचीच शुद्ध नव्हती. ती तेच तेच विचारत होती, रडत होती, आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारत होती, लहान मूल मारतं तशी. सर हलले नाहीत. त्यांची मान किंचित पुढं झुकली होती आणि चष्म्याखालून गालांवर पाणी येत होतं. ते पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण तो त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला होता.

कंडक्टरनं घंटा दिली. तेवढ्यात त्यांची नजर बसकडं आली आणि त्यांनी मला पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. कापूस दाबलेला हात त्यांनी आणखी वर केला आणि भर रस्त्यातून, मला ऐकू जावं म्हणून, जिवाच्या करारानं ओरडून सांगितलं, "मॅडम! भांडून राह्यली माझ्याशी!"

पणूनं वळून पाहिलं. बस सुटली होती.